पाटीवर न मावलेलं

नगरपरिषदेनं चार बाय तीनचा पत्रा दिला,
पिवळ्या रंगाचा अर्धा डबा, काळ्याचा पाव,
आणि नेहेतेसाहेबांच्या अक्षरात एक चिठ्ठी :
प्रेक्षणीय स्थळे.
एक, किल्ला. दोन, घुमट. तीन, घाट. चार, राममंदिर.
उखा, बाण काढ, म्हणाले, आणि पुढं अंतर लिही.

अंतर मी पावलांनी मोजलं.
किल्ला सातशे वीस. सोमवारी, बाजाराच्या दिवशी,
हजारावर जातात;
मिरच्यांच्या ढिगांना वळसा पडतो
आणि शिंक आली की माणूस दोन पावलं मागं येतो.

किल्ल्याचा एक बुरूज शाबूत आहे.
पहाटे पाचला पोलीस भरतीची पोरं तो चढतात, उतरतात,
दगडावर खडूनं वेळ लिहितात :
अडतीस सेकंद. छत्तीस. खोडलेलं पस्तीस.
कोणाचा किल्ला, असं विचाराल
तर तीन म्हातारे तीन राजे सांगतील.
चहा मात्र तिघंही पाजतील.

घुमटाची किल्ली रशीद पिंजारीच्या सायकल दुकानात,
पंक्चरच्या घमेल्यामागं, खिळ्याला.
आत लगेच बोलू नका.
आधी चपलेचा आवाज ऐका, तो आठ भिंतींवरून
परत येतो, दर वेळी थोडा म्हातारा होऊन.
मग काय हवं ते बोला.
मी एकदा नुसतं "उधारी" म्हणालो होतो.

घाटाच्या पायऱ्या उन्हाळ्यात सदतीस,
भादव्यात नऊ. बाकीच्या तापीकडे.
म्हणून तिथं आकडा घातला नाही.

चार ओळी झाल्या आणि खाली वीतभर पत्रा उरला.
मी पाच आकडा काढला, पुढं टिंब दिलं.
साहेब म्हणाले, सुचलं की सांगतो.
मला सुचत होतं :
पऱ्हाटीच्या जाळावर भाजलेलं हिरवं वांगं,
साल सोलताना चटका बसून बोट तोंडात घालणारी देवकाबाई.
केळी ग्रुपच्या फळ्यावर रोज पुसून लिहिलेला भाव,
आणि तो वाचून न बोलता परत फिरणाऱ्या मोटारसायकली.
संध्याकाळी सातपुडा जांभळा होतो ती पंधरा मिनिटं.
पण याला बाण कुठल्या दिशेनं काढायचा?

एप्रिलात, दुपारच्या चोपडा गाडीतून
मायलेकी उतरल्या. पाठीवर पिशव्या, हातात कॅमेरा.
पोरीनं पाटी वाचली, दोनदा वाचली,
मग शिडीखाली उभी राहून मला हळूच विचारलं :
काका, बायांसाठी कुठं सोय आहे का?

स्टँडच्या मागं कुलूप होतं. सहा वर्षांचं कुलूप.
किल्ल्यात नाही, घाटावर नाही, राममंदिरात पुजाऱ्यांची.
इतक्या वर्षांत सगळ्या गावाच्या पाट्या रंगवल्या मी,
आणि हा प्रश्न कधी माझ्या ब्रशखाली आला नव्हता.

घरी घेऊन गेलो. केशरनं दारातूनच ओळखलं,
"भलतं ऊन शे माय, आठे ये,"
आणि मोरीचं दार दाखवलं.
नंतर कळण्याची भाकरी, लसणाची चटणी,
माठातलं पाणी. आई पंख्याखाली अर्धा तास झोपली.
पोरीनं किल्ल्याचा नाही, माठाचा फोटो काढला.
चारच्या गाडीनं गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना विचारलं नाही.
पाच : पाणी, सावली, बायांसाठी मोरी.
बाण आमच्या गल्लीकडे. दोनशे दहा पावलं.
साहेब चिडले, हे काय प्रेक्षणीय आहे का, पुसून टाक.
टाकतो म्हणालो. टर्पेंटाइन संपलंय.

आता रविवारी दोनदा-तीनदा कडी वाजते.
केशर म्हणते, भाकरीचं पीठ जास्त लागतं,
आणि आणखी एक तांब्या आण.
त्या मायलेकींचा रुमाल खाटेखाली सापडला,
निळ्या काठाचा. धुऊन दांडीवर टाकलाय.
उन्हानं काठ फिका पडत चाललाय जरा.